गूळ बाहेर न येता गुडवाला पंजाबी पराठा कसा करायचा

आलू पराठा, गोभी पराठा आपल्याकडे सगळेच करतात पण पंजाबात थंडीत गोड पराठा पण होतो, गुळाचा. तिकडे उसाचं गाळप थंडीतच असतं, ताजा गूळ येतो आणि लोहरीच्या (13 जानेवारी) आसपास तर गूळ, तीळ, शेंगदाणे यांचीच चलती. आपल्या गूळपोळीपेक्षा हा जाड आणि मऊ असतो, बेसन वगैरे भाजत बसायचं नाही त्यामुळे सकाळच्या घाईत पण होतो.

कणीक नेहमीची. 2 कप गव्हाचं पीठ, चिमूटभर मीठ, 1 चमचा तूप, आणि पोळीला भिजवतो त्यापेक्षा थोडी सैल भिजवायची. अर्धा तास झाकून ठेवा. मैदा अजिबात नको.

खरं काम सारणाचं. पाऊण कप गूळ किसणीवर बारीक किसून घ्या, चिरलेला नको, खडा राहिला की लाटताना पारी फाटलीच म्हणून समजा. त्यात 1 चमचा जाडसर कुटलेली बडीशेप (ही सोडू नका, पंजाबी चव तिच्यामुळेच येते), 2 चमचे भाजलेले तीळ, आणि 2 चमचे गव्हाचं पीठ तुपावर खमंग भाजून घालायचं. हे पीठ का, तर तव्यावर गूळ वितळून पातळ होतो आणि जिथे बारीकशी फट मिळेल तिथून बाहेर येतो, पीठ असलं की तो पाक धरून ठेवतं. गूळ साधाच घ्या, चिक्कीचा घेतलात तर पराठा गार झाल्यावर आतला गूळ दाताला चिकटतो.

आता भरायचं. पुरणपोळीसारखा उंडा करता येतो, पण नवीन असाल तर सरळ दोन पुरीएवढ्या छोट्या पोळ्या लाटा, एकीवर 2 चमचे सारण पसरा, कडेला बोटभर जागा सोडून, त्या कडेला पाण्याचं बोट फिरवा, दुसरी वर ठेवून कडा नीट दाबा आणि मग हलक्या हाताने थोडं लाटा. कडेकडेनेच लाटायचं, मधे जोर दिला की सारण एका बाजूला पळतं.

तवा मध्यम आचेवर. आधी दोन्ही बाजू कोरड्याच शेकायच्या, फिकट डाग आले की मग कडेने तूप सोडायचं. उलथन्याने दाबू नका, आलू पराठ्याची सवय असते ना हाताला, इथे दाबलं की गूळ बाहेर. आणि आलाच बाहेर तर तो लगेच जळतो आणि पुढच्या पराठ्याला कडू वास लागतो, म्हणून गॅस बारीक करून कोरड्या जाड फडक्याने तवा पुसून घ्या (हात सांभाळून) आणि मगच पुढचा टाका.

वरून पांढरं लोणी, नाहीतर साजूक तूप. सोबत घट्ट दही छान लागतं, गोडाला उतारा होतो, चहाबरोबर मात्र मला फार गोड गोड वाटतं. उतरवल्या उतरवल्या खाऊ नका, वरून गार वाटला तरी आतला गूळ चांगलाच पोळतो, मुलांना द्यायच्या आधी मधे मोडून वाफ जाऊ द्या.