आखणी सांभाळायची कशी: उतरती नजर आणि घरची दुखणी

आमच्या बेळगावच्या शहापुरात गणपतीचं काम अक्षय्य तृतीयेला सुरू होतं ते चतुर्थीच्या आदल्या रात्रीपर्यंत चालतं. मी ६२ वर्षांचा आहे. तरणा होतो तेव्हापासून मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करतोय, बाकीच्या दिवसांत दुकानांच्या पाट्या रंगवतो, कन्नड आणि मराठी दोन्ही. घरात आई ८६ वर्षांची, तिला काचबिंदू. बायकोला शुगर. आणि आता माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू धरायला लागलाय. ‘नजर गेली, आता बास’ म्हणून माझ्या बरोबरीच्या दोघांनी ब्रश ठेवून दिले, ते बघून जीव हळहळला. म्हणून जे मला उपयोगी पडलं ते सांगतो.

पहिलं काम सुतळीचं. नेहमीसारखं कामाला बसा, ब्रशचं टोक मूर्तीच्या डोळ्यावर टेकवा आणि तुमच्या डोळ्यापासून तिथपर्यंतचं अंतर घरातल्या कुणाला तरी सुतळीनं मापायला सांगा. माझं ५० सेंटिमीटर भरलं. पेपर मी ३५ वर धरतो. म्हणजे वाचायचा चष्मा लावून मी इतकी वर्षं वाकून, मान मोडून आखणी करत होतो. १०० ला त्या सेंटिमीटरनं भागलं की जवळच्या नंबराचा अंदाज मिळतो: ५० ला २, ४० ला अडीच, ३३ ला ३. हा दूरच्या नंबरात मिळवायचा असतो. ती सुतळी खिशात घालून मी खडेबाजारात चष्मेवाल्याकडे गेलो आणि म्हटलं, मला एवढ्या अंतरावर स्पष्ट दिसायला हवं. कामाचा चष्मा वेगळाच करून घ्या, एकाच नंबरचा. प्रोग्रेसिव्हमध्ये, म्हणजे एकाच काचेत दूरचा-जवळचा नंबर असलेल्या चष्म्यात, जवळचं दिसतं ते काचेच्या खालच्या भागातून. समोर उभ्या मूर्तीचा डोळा बघायला हनुवटी वर करावी लागते आणि हात हलतो.

मग मूर्ती वर घ्या. फिरत्या पाटाखाली फळ्या रचून गणपतीचे डोळे आपल्या डोळ्यांच्या रेषेत आणायचे. मनगट टेकवायला आडवी काठी बांधा. उजेड डावीकडून, थोडा वरून. जुलैत आमच्याकडे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा डेलाइटचा एलईडी लागतोच: ५००० केल्विनच्या आसपासचा आणि सीआरआय (रंग खरे दिसण्याचं माप) ९० च्या वरचा. खोक्यावर लिहिलेलं असतं, वाचून घ्या.

रंगाचं मात्र मी ठेच लागल्यावरच शिकलो. दोन वर्षांमागं मोरपंखी शेल्याची ऑर्डर होती. संध्याकाळी रंग कालवला. मला तो हिरवाच दिसत राहिला, म्हणून निळा घालत गेलो, मनाजोगता झाल्यावर शेला रंगवला. सकाळी गिऱ्हाइकाची लहान मुलगी आली, दारातूनच म्हणाली, “आजोबा, हा निळा आहे की!” बायकोला विचारलं, तीही तेच म्हणाली. माझ्या पोटात गोळाच आला. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळा-जांभळा उजेड अडवतं, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचंही असंच झालं होतं, त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन १९२३ मध्ये झालं. तेव्हापासून मी निळा, जांभळा, काळा अंदाजानं कालवत नाही. सूनबाईला शेजारी बसवून, सकाळच्या उजेडात प्रत्येक रंगाचं माप ठरवलं: पांढरा किती चमचे, अल्ट्रामरीन किती, पिवळा किती. प्रत्येकाची पट्टी पुठ्ठ्यावर ओढून शेजारी माप लिहिलं. डब्यांवर रंगाचं नाव जाड अक्षरात लिहा. ट्यूब घेताना नावाबरोबर पिगमेंटचा नंबरही बघा. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, प्रशियन ब्ल्यू म्हणजे पीबी २७. झाकणाच्या रंगावर विसंबू नका.

आता घरचं. काचबिंदू रक्ताच्या नात्यात उतरू शकतो. आईला दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी मलाच विचारलं, “तुमच्या डोळ्यांचं प्रेशर कधी तपासलंय?” कधीच नव्हतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही आणि सुरुवातीला कळतही नाही. तेव्हा आई-वडिलांना, भावंडांना असेल तर आपलीही तपासणी करून घ्याच. शुगर असणाऱ्यांनी वर्षातून एकदा थेंब घालून डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचा. थेंबांनंतर चार-सहा तास अंधुक दिसतं, म्हणून आम्ही दोघं एका दिवशी कधी जात नाही. आणि शुगर वरखाली होत असताना चष्मा करू नका. नंबरही तिच्याबरोबर हलतो. बायकोचा एक चष्मा असाच वाया गेला.

आईच्या थेंबांच्या दोन बाटल्या आहेत आणि तिसरी कानाच्या थेंबांची, तिन्ही बोटाएवढ्याच. एकदा कानाची बाटली माझ्या हातात होती आणि आई डोळा उघडून वाट बघत होती. तो क्षण आठवला की अजून अंगावर काटा येतो. औषध दुकानातला मुलगा खोक्यावर वेळ कन्नडमध्ये लिहितो, आईला फक्त मराठी येतं, आणि खोका तर पहिल्याच दिवशी फेकला जातो. रंगाची खूण करावी तर तिला निळा-हिरवा ओळखू येत नाही. शेवटी दोरा वापरला. सकाळच्या बाटलीला एक वेढा, रात्रीच्या बाटलीला दोन, वरून फेविकॉल. कानाची बाटली दुसऱ्या खोलीत. आता आई अंगठा फिरवून सांगते, “ही दोनाची.” बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिहा, बहुतेक थेंब महिन्याभरानं टाकून द्यायचे असतात. दोन औषधं एका वेळी असतील तर मधे पाच मिनिटं जाऊ द्या. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर हलकेच दाबून धरा.

देखाव्याचं चित्र मोठं करताना आपण चौकटी आखतो ना, तो कागद मधोमध एक ठिपका काढून भिंतीला लावून ठेवा. आठवड्यातून एकदा वाचायचा चष्मा लावून, एक-एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघा. रेघ वाकडी दिसली, चौकट गायब झाली तर लगेच डॉक्टर गाठा. एकाएकी विजेसारखं चमकलं किंवा पडदा ओढल्यासारखं झालं तर त्याच दिवशी, ऑर्डर कितीही मोठी असो.

माझं ऑपरेशन अनंत चतुर्दशीनंतर ठरलंय. शाडूची धूळ आणि पॉलिश पेपर नव्या डोळ्याला चालणार नाही, तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे कारखाना मुलाकडे. डोळ्यात बसवायचं भिंग निवडताना डॉक्टरांसमोर पुन्हा तीच सुतळी ठेवली. मल्टिफोकल, म्हणजे दूरचं-जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या भिंगानं रंगछटांमधला फरक थोडा मंदावतो, दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, असं ते म्हणाले. म्हणून मी साधं घेणार.

तोवर दिवस असा चालतो. सात वाजता आईचे थेंब, बायकोची शुगर, नाश्ता. आठ ते दहा फक्त आखणी. दहानंतर शेला, पितांबर, पाट. त्याला एवढी नजर लागत नाही. एक डोळा पुरा करून दुसरा उद्यावर टाकू नका, नजर जुळत नाही. आणि मधेच आईनं हाक मारली, तर ओल्या बोळ्यानं तो डोळा पुसून टाका आणि उठा. बोळा डाव्या हाताशीच ठेवा.