आधी कुकर, मग सतरंजी

आमच्याकडे शाळा साडेआठला भरते, पण त्याआधी कुकर लागलेला असावा लागतो. ही अक्कल यायला मला दोन वर्षं गेली. पुस्तकं उघडल्यावर ‘आलेच डाळ-तांदूळ धुऊन’ म्हणून उठलं की त्या दिवसाचा अभ्यास गेलाच समजा. परत यावं तर धाकटी सतरंजीच्या खाली, मधला पेरूच्या झाडावर आणि थोरली दोघांच्या नावानं ओरडतेय. म्हणून घरशाळा सुरू करायची म्हणून कुणी विचारायला आलं, तर पुस्तकांचं मी नंतर सांगते. आधी विचारते, सकाळचा स्वयंपाक तुमचा कितीला उरकतो?

आम्ही सासवडचे. ह्यांची अंजीर-सीताफळाची बाग आहे, घरात सासूबाई आहेत आणि मुलं तीन, वयं तेरा, नऊ आणि पाच. घर माळकरी, त्यामुळे संध्याकाळचा हरिपाठ चुकत नाही. थोरली तिसरीत होती तेव्हा शाळा, मग शिकवणी, मग गृहपाठ, आणि हरिपाठाला बसली की पेंगायची. तिला घरी शिकवायचं ठरलं ते तिथून.

कागदपत्रांचं आधी सांगून टाकते, कारण नातेवाईक पहिला प्रश्न तोच विचारतात. सहा ते चौदा वयाच्या मुलांच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा आहे, त्यात घरशाळा असा शब्दच नाही. परीक्षेच्या वाटा मात्र आहेत. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाकडून पाचवीची परीक्षा दहा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, आठवीची तेरा पूर्ण झाल्यावर. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाला, म्हणजे एनआयओएसला, चौदा वर्षं पूर्ण लागतात. तिथे पाच विषय, त्यात निदान एक भाषा, आणि मराठी माध्यम मिळतं. राज्य मंडळाचीच दहावी हवी असेल तर 17 नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज. जन्मदाखला, आधार, फोटो आणि आधी शाळेत घातलं असेल तर शाळा सोडल्याचा दाखला, हे सगळं एका फाइलीत ठेवा. ती फाइल मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. आमच्या एका दाखल्यावर मेणखडूचा हत्ती आहे.

आता दिवस कसा जातो ते. तीन मुलं आणि शिकवणारी एक, म्हणून तिघांना एकदम शिकवायचा नाद सोडा. मी पाळ्या लावते. साडेआठला सगळ्यांत आधी धाकटीला घेते, जेमतेम वीस मिनिटं, कारण तिचं पोट भरलेलं असतं आणि डोकं ताजं असतं. तोवर मधला शुद्धलेखन उतरवतो आणि थोरली स्वतःचं वाचते. मग धाकटी सासूबाईंकडे लसूण सोलायला जाते आणि मधल्याच्या गणिताची पाळी येते. थोरलीला शेवटी घेते, तिचं बीजगणित असतं, त्याला शांतता लागते. साडेअकराला सतरंजी गुंडाळायची. शाळेत पाच तास बसतात, तुम्ही तीनच कसे, असं माझी जाऊ विचारते. शाळेतल्या पाच तासांत एका मुलाच्या वाट्याला बाई किती मिनिटं येतात, ते तिनं मोजावं.

दुपार सासूबाईंची. त्यांची शाळा चौथीपर्यंतच झाली, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीडचे पाढे, सगळं तोंडपाठ. मधला ‘पाच गुणिले शून्य पूर्णांक पंचाहत्तर’ असं कागदावर मांडत बसला होता. त्यांनी भाजी निवडता निवडता मानही वर न करता सांगितलं, ‘पाच पाऊण पावणेचार.’ पोरगं बघतच राहिलं. तेव्हापासून रोज दुपारी चहाआधी एक पाढा म्हटला जातो. घरात अशी आजी असेल तर छापील सरावपुस्तकांवर पैसे घालवू नका.

स्वयंपाकघरातून शिकवा, असं सगळेच सांगतात. म्हणजे नेमकं काय, ते एका साबुदाण्यावर सांगते. दशमीच्या रात्री मधला अर्धा किलो साबुदाणा तागडीत मोजून घेतो. आम्हा मोठ्यांना नि दोन मोठ्या मुलांना तेवढा पुरतो, धाकटीला अजून उपवास नाही, ती मऊ भात खाते. साबुदाणा दोन पाण्यांनी धुवायचा, पाणी पूर्ण निथळायचं, मग वरचा दाणा जेमतेम बुडेल इतकंच पाणी घालून झाकून ठेवायचा. सकाळी एक दाणा चिमटीत दाबायचा. सपाट झाला तर भिजला, मधे कण लागला तर पाण्याचा हबका मारून अर्धा तास थांबायचं. एकदा त्यानं आपणहून भिजलेला साबुदाणा पुन्हा तागडीत टाकला. वजन नऊशे ग्रॅमच्या आसपास भरलं. ‘आई, चारशे ग्रॅम कुठून आले?’ मी उत्तर दिलं नाही. दाणे भाजायला घेतले आणि त्याला म्हटलं, आता हेही भाजायच्या आधी आणि नंतर मोज. शेंगदाण्याचं वजन उतरलं. आत गेलेलं पाणी आणि बाहेर गेलेलं पाणी, एका खिचडीत दोन्ही. नियम एवढाच, की प्रश्न मुलाचा असावा लागतो. ‘चला, आज आपण साबुदाण्याचं विज्ञान शिकू’ म्हणून मी एकदा सुरुवात केली होती, तेव्हा कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

भिंतीवरचं कॅलेंडरही असंच उपयोगी पडतं. थोरलीनं वहीत आषाढीच्या तारखा लिहिल्यात. 2023 ला 29 जून, 2024 ला 17 जुलै, 2025 ला 6 जुलै. अठरा दिवस पुढे, मग अकरा दिवस मागे. हे असं का, यावर आमचे चार दिवस गेले. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं, सौर 365 चं, म्हणून सण दरवर्षी अकरा दिवस मागे सरकतात आणि अधिक महिना आला की पुढे उडी मारतात. 2023 च्या आषाढीनंतर अधिक श्रावण आला होता, ती उडी वहीत सापडली तेव्हा थोरलीनं पानावर लाल गोल केला. त्या वर्षी एकादश्याही चोवीसच्या सव्वीस झाल्या होत्या, हे सासूबाईंना आधीच माहीत होतं. उपवास त्यांनी केले होते.

पालखीच्या दिवसांत मात्र पुस्तक बंद. माउलींची पालखी दिवे घाट चढून आमच्याकडे येते आणि दोन रात्री मुक्काम करते. अंगणात, ओसरीवर, गच्चीवर मिळून चाळीसेक वारकरी असतात. येतात तो दिवस बहुतेक वर्षी एकादशीचा, म्हणून रात्री भगर आणि दाण्याची आमटी. द्वादशीला पिठलं-भाकरी. गेल्या वर्षी पिठाचा हिशोब मधल्याकडे दिला. किलोभर पिठात माझ्या हाताच्या दहा भाकरी होतात. चाळीस माणसं, माणशी दोन, ऐंशी भाकरी, आठ किलो. गणित अगदी बरोबर होतं. फक्त पुण्याहून घाट चढून आलेला, वर एकादशी केलेला माणूस दोन भाकरींवर उठत नाही आणि घरची माणसं त्यानं धरलीच नव्हती. शेजारून तीन किलो पीठ आणलं. त्यानं वहीत स्वतःच लिहून ठेवलंय, ‘माणशी तीन. आपण सहा.’ तुमच्याकडे वारी येत नसेल, पण घरात सप्ताह, श्राद्ध, बारसं काहीतरी असेलच. तेव्हा मुलांना पाहुण्यांसारखं बाजूला बसवू नका, हिशोबाला बसवा. चुकू द्या. शेजारी बरे असतील तर काही बिघडत नाही.

एका बाबतीत मी स्वतः चांगलीच चुकले. हरिपाठ पाठ व्हावा म्हणून भिंतीवर तक्ता लावला होता, एक अभंग पाठ झाला की एक चांदणी. पहिला आठवडा फार छान गेला. मग मधला अभंग गिळायला लागला, चाल नाही, ताल नाही, नुसती आगगाडी, आणि शेवटचा शब्द संपायच्या आत ‘चांदणी दे.’ थोरलीच्या चांदण्या जास्त म्हणून धाकटी रडली आणि टाळ पलंगाखाली लपवून बसली. सासूबाई दोन आठवडे गप्प होत्या. मग एका संध्याकाळी म्हणाल्या, ‘देवापुढं कसले गं मार्क?’

तक्ता त्याच रात्री काढला. गणिताला चांदण्या ठेवल्यात, शुद्धलेखनालाही, पण हरिपाठात काही विचारायचं नाही, चुकलं तर मधे तोडायचं नाही. धाकटी मांडीवर झोपली तर झोपू द्यायची. अर्थ कुणी विचारला तरच सांगायचा आणि मला येत नसेल तर ह्यांच्याकडे किंवा सासूबाईंकडे पाठवायचं. पाठांतर मागे पडेल ही भीती मलाही होती. थोडं पडलंही, मधल्याचे अजून सगळे अभंग पाठ नाहीत.

तक्त्याच्या खिळ्याला आता टाळ अडकवलेत, ज्याला हवे त्यानं घ्यावेत. परवा एकाच जोडीवरून तिघांत जुंपली, थोरलीनं ओढले आणि दोरी तुटली. ह्यांनी बाजारातून आणखी दोन जोड आणले. आता घरात तीन टाळ आणि सासूबाईंच्या कानात कापूस.