सासर ओहायोत, बिऱ्हाड कोथरूडला

नवरा अमेरिकन, बायको पुण्याची आणि दोघांचा संसार कोथरूडला. आता सासूसासऱ्यांना भेटायला तीन आठवडे ओहायोला जायचं आहे. नवराच तिकडचा म्हटल्यावर व्हिसा हातोहात मिळेल, असं घरात सगळ्यांना वाटत असतं. प्रत्यक्षात प्रकरण तिथेच अवघड होतं. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यातलं कलम २१४(बी) व्हिजिटर व्हिसा मागणारा माणूस कायमचा राहायलाच निघाला आहे असं आधी धरून चालतं. तसं नाही, हे पटवायचं काम अर्जदाराचं. अमेरिकन नागरिकाची बायको म्हटल्यावर ही शंका आणखी बळावते, कारण तिला ग्रीन कार्डाचा रस्ता उघडाच आहे. म्हणून फाइल लावताना ओहायोचे कागद खाली आणि कोथरूडचे वर.

कागद गोळा करायच्या आधी नवराबायकोने एकदा नीट बसून बोलावं. खरंच भेटूनच यायचं आहे ना? की 'आधी जाऊ तर, मग तिथूनच ग्रीन कार्डाचं बघू' असं कोणाच्या डोक्यात आहे? दुसरं असेल तर बी-२, म्हणजे भेटीगाठींचा व्हिजिटर व्हिसा, मागूच नये. त्यासाठी नवऱ्याने आय-१३०, म्हणजे बायकोला तिकडे कायमचं नेण्यासाठीचा अर्ज, दाखल करायचा आणि रीतसर इमिग्रंट व्हिसा घ्यायचा. वेळ लागतो, पण मार्ग तोच. भेटीचं कारण सांगून मनात मुक्काम ठेवला आणि ते उघडकीला आलं, तर कायमची प्रवेशबंदी लागू शकते. 'आमच्या ओळखीतल्या एकीने केलं, काही झालं नाही' हे सोसायटीच्या कट्ट्यावर ठीक आहे. आय-१३० आधीच दाखल केलेला असेल तर बी-२ मिळतच नाही असं नाही, मात्र फॉर्ममध्ये तो प्रश्न थेट विचारलेला असतो. तिथे खरं तेच लिहायचं.

आता नवऱ्याचे कागद, कारण या फाइलीचा कणा तेच आहेत. तो भारतात कोणत्या व्हिसावर राहतो? बायको भारतीय असल्याने त्याला एंट्री व्हिसा मिळतो, ज्याला सगळे एक्स व्हिसा म्हणतात. तो आणि परदेशी नागरिक नोंदणीचा परवाना असेल तर दोन्हींच्या प्रती काढून ठेवाव्यात. लग्नाची नोंद होऊन दोन वर्षं झाली असतील तर तो ओसीआय कार्डाला, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात कायम राहू देणाऱ्या कार्डाला, अर्ज करू शकतो. कार्ड हातात आलं असेल तर सोन्याहून पिवळं. त्याची इथली नोकरी, पगाराच्या पावत्या, बँकेचं खातं, पॅन, दोघांच्या नावाचा रजिस्टर्ड भाडेकरार किंवा फ्लॅटचा इंडेक्स टू, महापालिकेची मिळकतकराची पावती, हे सगळं 'आम्ही इथेच राहतो' असं सांगतं. जावई टुरिस्ट व्हिसावर ये-जा करत असेल तर मात्र बाजू लंगडी पडते. अमेरिकन माणसाला टुरिस्ट व्हिसावर सलग १८० दिवसांहून जास्त राहता येत नाही, मग संसार पुण्यात आहे असं कोण मानेल? अशा वेळी आधी त्याचा इथला व्हिसा मार्गी लावावा आणि सासरची भेट पुढच्या उन्हाळ्यावर ढकलावी, असं माझं स्पष्ट मत.

तिचे स्वतःचे कागद त्यामानाने सरळ आहेत. पासपोर्ट, जुने असतील तर तेही. कंपनीचं पत्र, ज्यात पद, पगार, मंजूर रजा आणि कामावर परत रुजू होण्याची तारीख स्पष्ट असेल. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, बँक स्टेटमेंट. मुलाखतीच्या आधल्या आठवड्यात काकांकडून पाच लाख खात्यात आणून टाकण्याने काही साधत नाही, उलट प्रश्न निघतो. व्यवसाय असेल तर जीएसटीची नोंदणी किंवा दुकानाचा परवाना. लग्नाचा दाखला मूळ प्रत बरोबर हवा. परदेशी माणसाशी लग्न बहुधा १९५४ च्या स्पेशल मॅरेज ॲक्टखाली, तीस दिवसांची नोटीस देऊन झालेलं असतं, त्यामुळे तो घरात कुठेतरी असतोच. कुठे, हा प्रश्न आईला विचारावा.

सासूबाईंचं आमंत्रणपत्र हा आपल्याकडचा लाडका विषय. नोटरी करून मागवू का, स्टँपपेपरवर हवं का, सासऱ्यांचा टॅक्स रिटर्न लागेल का? यातलं काहीही बी-२ साठी सक्तीचं नाही. साधं पत्र असलं तर असू द्यावं, त्यासाठी सत्तरीच्या माणसांना नोटरीकडे पळवू नये.

खरी मेहनत डीएस-१६० या ऑनलाइन फॉर्मवर घ्यावी, कारण अधिकारी तोच वाचतो आणि फाइल बऱ्याचदा उघडतही नाही. वीस मिनिटं काही केलं नाही तर तो बंद पडतो, म्हणून पानागणिक सेव्ह करावं आणि सुरुवातीला मिळणारा ॲप्लिकेशन आयडी लगेच लिहून ठेवावा. पुढे नावाचा घोळ, आणि तो आपल्या मराठी बायकांइतका कोणाचाच नसतो. पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, आधारवर नवऱ्याचं नाव, बँकेत आणखी तिसरंच. फॉर्ममध्ये नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच, अक्षरन् अक्षर. बाकी जी नावं कधी वापरली, ती 'इतर नावं' या रकान्यात. लग्नात तांदळात नाव बदललं असेल आणि ते एखाद्या कागदावर चढलं असेल तर तेही. पासपोर्टवरचंच नाव बदलायचं असेल तर ते अर्जाआधी उरकावं, मध्येच नव्हे.

नातेवाइकांचा प्रश्न दोन पायऱ्यांत येतो. जवळचं कोणी अमेरिकेत आहे का, यात आईवडील सोडून नवरा, मुलं, भावंडं येतात. नवरा पुण्यात असेल तर उत्तर 'नाही'. बॉस्टनला सख्खा भाऊ असेल तर 'आहे'. सासूसासरे पुढच्या, इतर नातेवाइकांच्या प्रश्नात येतात. गेल्या पाच वर्षांत कुठे कुठे गेलात, कुठे नोकरी केली, समाजमाध्यमांवर कोणत्या नावाने आहात, हेही विचारतात. बंद पडलेलं जुनं खातंही पाच वर्षांच्या आतलं असेल तर लिहावं. आणि फॉर्म एजंटाने भरला असेल तर 'कोणी मदत केली का' याला 'हो' म्हणावं, तो रकाना त्यासाठीच आहे. माझं विचाराल तर स्वतःच भरावा. एजंट घाईत 'गृहिणी' टाकून मोकळा होतो आणि बाई घरून चांगली भाषांतरं करून कमावत असते. तिचं पुण्यातलं काम हीच इथे तिची जमेची बाजू, ती एका शब्दात पुसली जाते.

फोटो दोन बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्म्याशिवाय, सहा महिन्यांच्या आतला. फी १८५ डॉलर, परत न मिळणारी. तारीख घेताना डीएस-१६० चा बारकोड नंबर तोच आहे ना, हे दोनदा पाहावं. फॉर्म दुरुस्त करून नव्याने भरला की नंबर बदलतो, आणि मग तो अपॉइंटमेंटमध्येही बदलावा लागतो.

पुण्यात मुलाखत होत नाही, मुंबईला बीकेसीत जावं लागतं. बोटांचे ठसे आणि फोटो आधीच्या एखाद्या दिवशी वेगळ्या केंद्रात देतात. दोन्ही तारखा लागोपाठच्या घेऊन एक रात्र नातेवाइकांकडे काढावी. सकाळची वेळ असेल तर डेक्कन क्वीनच्या भरवशावर राहू नये, ती पुण्याहूनच सव्वासातला सुटते. शिवनेरी रात्रीही मिळते, पण घाटात ट्रक आडवा झाला की संपलं. वकिलातीत मोबाइल, बॅग, स्मार्ट वॉच काही चालत नाही आणि ठेवायची सोय नसते. नवरा आत येईल असं गृहीत धरू नये, तो बाहेर फोन सांभाळत उभा राहील.

मुलाखत काचेच्या खिडकीशी, उभ्यानेच, दोनचार मिनिटांची. मराठीतही देता येते, अडखळत्या इंग्रजीपेक्षा ते बरं. 'नवरा कुठे राहतो?' 'माझ्याबरोबर, पुण्यात.' 'काय करतो?' 'हिंजवडीत नोकरी.' 'मग तुम्ही अमेरिकेत का राहायला जात नाही?' हा प्रश्न येणारच असं धरून चालावं. उत्तर दोन वाक्यांचं आणि खरं असावं. दोघांची नोकरी इथे आहे, मुलगी इथल्या शाळेत आहे, सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला जाऊन परत यायचं आहे. 'आम्हाला अमेरिका आवडतच नाही' असली भाषणं नकोत. विचारलं तेवढंच बोलावं, कागद मागितला तर द्यावा, आपणहून खिडकीत सरकवू नये.

पासपोर्ट ठेवून घेतला तर सहसा काम झालं. विमानाचं तिकीट तो परत हातात आल्यावरच काढावं, आणि त्याआधी व्हिसावरचं नाव नि जन्मतारीख तपासावी. भारतीयांना हा व्हिसा बहुधा दहा वर्षांचा मिळतो, पण प्रत्येक खेपेला किती दिवस राहायचं ते तिकडच्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. आय-९४ वर, म्हणजे तिकडे उतरल्यावर होणाऱ्या प्रवेशाच्या नोंदीवर, असते ती तारीख खरी, व्हिसावरची नव्हे. पासपोर्ट २१४(बी) च्या कागदासह तिथेच परत मिळाला, तर पुन्हा अर्ज कधीही करता येतो, फी मात्र नव्याने. पण मधल्या काळात जावयाचा एक्स व्हिसा, तिची नोकरी किंवा घराचा करार यातलं काहीच बदललं नसेल, तर तेवढ्यासाठी लगेच पुन्हा १८५ डॉलर भरू नयेत.