ज्वारीची भाकरी, पण पीठ कुठून आणलं?

सीलिअॅक (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्याला ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ सगळं चालतं. खरी अडचण गिरणीत असते. आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळलेल्या जात्यातच तुमची ज्वारी पडली, की पहिल्या पिठात गव्हाचं पीठ येणारच. डोळ्यांना ते दिसत नाही आणि चाळूनही जात नाही. 'ग्लुटेन-फ्री' लिहायला आपल्याकडे किलोमागे जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅम ग्लुटेनची मर्यादा आहे, यावरून अंदाज घ्या. गिरणीवाल्याला 'आधी थोडे तांदूळ फिरवा' म्हणणं पुरेसं नाही. गहू कधीच न दळणारी गिरणी शोधा, नाहीतर घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू घालायचाच नाही, पाहुणे आले तरी! जुनी, गहू दळलेली घरघंटी मात्र नको.

दुसरा चोर हिंगाच्या डबीत. बांधानी, म्हणजे पीठ मिसळून केलेल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, म्हणजे वरणाची फोडणीसुद्धा बाद. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, घटक वाचून घ्या. मेतकूट आणि थालीपिठाच्या भाजणीतही गहू असतो. दोन्ही घरी, गव्हाशिवाय करता येतात. पोळपाट-लाटणं वेगळं ठेवा, लाकडाच्या फटीत कणीक राहते.