जागलीसाठी नाईट व्हिजनवालं हेल्मेट घ्यायलात? आधी डोकं मोजा, मशीन नंतर

आपल्याकडं हरभरा, ज्वारी भरात आली की रोही आणि रानडुकरं रातोरात वावर साफ करतात, त्यामुळं जागलीला जाणारी बरीच पोरं आता नाईट व्हिजन, म्हणजे अंधारात बघायचं डोळ्यासमोर लावायचं मशीन, घ्यायलेत. काहीजण विहिरीत पडलेलं जनावर काढायला जातात, काहीजण वन्यजीव बघणारे आहेत. सगळ्यांचा एकच प्रॉब्लेम, मशीनवर पैसे घालतात आणि हेल्मेट मिळंल ते उचलतात, मग तासाभरात कपाळ ठणकायला लागतं, मान आखडते आणि मशीन जातं पेटीत. माझं म्हणणं सरळ आहे, हेल्मेट डोक्याला नीट बसलं तरच मशीनचा उपयोग, म्हणून सुरुवात डोक्यापासून करा.

शिवणकामाचा टेप घ्या, भुवयांच्या वर साधारण एक बोट, कानांच्या वरून आणि मागं डोक्याचा जो भाग सगळ्यात जास्त बाहेर आलेला असतो तिथून फिरवा. दोन-तीनदा मोजा आणि जो मोठा आकडा येईल तो धरा. प्रत्येक कंपनीचा चार्ट वेगळा असतो, एकाचं मिडियम ते दुसऱ्याचं लार्ज, त्यामुळं नुसतं एम-एल बघून ऑर्डर टाकू नका, सेंटीमीटर बघा. डोक्याचा आकारही बघा, लांबट डोक्यावर गोल साच्याचं हेल्मेट घातलं की कपाळावर एकाच जागी दाब येतो आणि बाजूनं हलतं, तिथं साईज बदलून काही होत नाही, पॅड बदलावे लागतात नाहीतर हेल्मेटच.

आता कोणतं घ्यायचं. बुलेटप्रूफ हेल्मेट आपल्याला लागत नाही, ते किलो-सव्वा किलोच्या आसपास जातं आणि शेतात कुणी गोळ्या झाडत नाही. आपल्या कामाचं ते बंप हेल्मेट, म्हणजे बाभळीची फांदी लागली, बांधावरून पाय घसरून पडलात, गोठ्याच्या अँगलला डोकं आपटलं, तर वाचवणारं. हे साधारण 500 ते 700 ग्रॅममध्ये मिळतं. कानावर मोकळं असलेलं घ्या, रात्री डोळ्यांपेक्षा कान जास्त काम करतात, डुकरांचा कळप दिसायच्या आधी ऐकू येतो. ऑनलाईन जी स्वस्तातली मिलिटरी स्टाईल हेल्मेटं दिसतात त्यातली बरीच खेळण्यासाठी बनवलेली असतात, आत नुसता पातळ फोम आणि कुठल्याच स्टँडर्डचा पत्ता नाही. ती घेऊ नका. विहिरीत उतरणाऱ्यांनी तर गिर्यारोहणाचंच हेल्मेट घ्यावं, ईएन 12492 हे युरोपियन स्टँडर्ड लिहिलेलं, कारण त्याचा हनुवटीचा पट्टा पडताना सुटत नाही. बांधकामावरच्या पिवळ्या हेल्मेटला मुळात पट्टाच नसतो बऱ्याचदा, आणि ईएन 397 या बांधकामाच्या स्टँडर्डवाल्याचा पट्टा ठराविक ओढीला मुद्दाम सुटेल असाच बनवलेला असतो.

मोटरसायकलचं हेल्मेट यासाठी वापरू नका, जड असतं, कान बंद होतात. आणि उलटंही तेवढंच महत्त्वाचं, हे बंप हेल्मेट घालून गाडी चालवू नका. गाडीसाठी आयएस 4151 या भारतीय स्टँडर्डचंच पाहिजे. शेतापर्यंत गाडीवर जाताना गाडीचं घाला, वावरात उतरल्यावर दुसरं. दोन-दोन हेल्मेट सांभाळायचा कंटाळा येतो मान्य, पण डोकं एकच आहे.

पुढच्या बाजूला मशीन अडकवायची जी प्लेट असते ती धातूची आणि स्क्रूनं आतून आवळलेली आहे का ते हातानं ओढून बघा. नुसती चिकटवलेली किंवा पातळ प्लास्टिकची असेल तर डोकं हललं की मशीन थरथरतं, चित्र हलतं आणि डोळे दुखायला लागतात. मशीनला एक बारीक दोरी बांधून हेल्मेटला अडकवायची सवय लावा, माउंट, म्हणजे मशीन प्लेटला धरून ठेवणारी पकड, निसटलं तरी मशीन खाली पडत नाही.

घालायची पद्धत सांगतो, इथंच सगळे गडबड करतात. सगळे पट्टे आणि मागची डायल पूर्ण ढिली करा. हेल्मेट सपाट घाला, पुढची कड भुवयांच्या वर एक-दोन बोटं. बरेचजण वजन सांभाळायला हेल्मेट मागं सरकवतात, तसं केलं की कपाळ उघडं पडतं आणि मशीन डोळ्यासमोर नीट येत पण नाही. मग डायल आवळा. आता पट्टा न लावता खाली वाका आणि डोकं हळू हलवा, हेल्मेट जागेवर राहिलं आणि त्याच्याबरोबर कपाळाची कातडी हलली तर बरोबर बसलंय. कातडी जागेवर आणि हेल्मेट फिरतंय म्हणजे ढिलं. त्यानंतर कानाच्या पुढचे-मागचे पट्टे असे ओढा की दोन्ही कानाच्या खाली येऊन मिळतील, आणि शेवटी हनुवटी. एक बोट आत जायला पाहिजे आणि तोंड उघडून बोलता यायला पाहिजे, गळा आवळू नका. मागच्या बाजूचे दोन पट्टे फार महत्त्वाचे आहेत, पुढं मशीनचं वजन आलं की हेल्मेट नाकावर येऊ पाहतं, त्याला मागून धरून ठेवणारे तेच. दोनच पट्ट्यांचं हेल्मेट या कामाला चालत नाही.

वजनाचं गणित समजून घ्या. सैन्यात वापरतात ते एका डोळ्याचं पीव्हीएस-14 बॅटरीसकट साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास आहे, दोन डोळ्यांची त्याहून जड. बाजारातली डिजिटल मशीनं तर काही नुसता डबाच असतात. हे वजन डोक्याच्या पुढं लोंबतं, आणि जेवढं डोळ्यापासून लांब तेवढी मान जास्त ओढली जाते, घागर हात लांब करून धरल्यावर कशी लगेच जड वाटते तसंच. म्हणून पहिलं काम, माउंट मागं घेऊन मशीन डोळ्याच्या शक्य तेवढं जवळ आणा. चष्मा असेल तर काचेला घासणार नाही एवढं अंतर ठेवा, नंबर मशीनच्याच डायॉप्टर रिंगवर सेट होत असेल तर चष्म्याशिवाय बघून बघा, फक्त सिलिंडरचा नंबर त्यानं भरून निघत नाही.

दुसरं काम, मागं वजन लावा. बॅटरी पॅक मागं लावायची सोय असेल तर सगळ्यात भारी, वजनही झालं आणि चार्जिंगही झालं. नसेल तर वेल्क्रोच्या पिशवीत 200 ग्रॅमपासून सुरू करा आणि थोडं थोडं वाढवा, हेल्मेट पुढं झुकायचं थांबलं की तिथंच बस. बरोबरीनं वजन केलंच पाहिजे असं काही नाही, कारण शेवटी ते सगळं मानेवरच आहे. मशीन आणि वजन लावून झाल्यावर डायल आणि पट्टे परत एकदा आवळा, पहिली सेटिंग मोकळ्या हेल्मेटची होती.

पॅडबद्दल. आपल्या एप्रिल-मेच्या राती पण अंगातून पाणी काढतात, घाम पॅडमध्ये मुरला की खाज आणि वास दोन्ही. आतून पातळ सुती टोपी किंवा एक घडी रुमाल घाला, पण रुमालाची गाठ मागं येऊ देऊ नका, तिथंच टोचतं. थंडीत जाड माकडटोपी घालायची असेल तर मोजमाप आणि पट्टे त्या टोपीवरच सेट करा. कपाळावर एकाच जागी दुखतंय असं वाटलं तर तो पॅड काढून दोन्ही बाजूंना थोडं अंतर ठेवून लावा, दाब वाटला जातो. सगळेच पॅड काढू नका, धक्का झेलणारे तेच आहेत.

पहिल्या राती थेट वावरात जाऊ नका. घरीच, पण माळवदावर नाही, अंगणात, आधी अर्धा तास घालून बसा, मग चाला, वाका, बाजंवर बसा, उठा. दर थोड्या वेळानं मशीन वर करून डोळ्यांना आणि मानेला सुट्टी द्या. स्क्रीनवालं डिजिटल मशीन असेल तर ब्राइटनेस सगळ्यात खाली ठेवा, नाहीतर डोळा उजेडाला सरावतो आणि अंधाराला परत सरावायला वीस-तीस मिनिटं जातात.

आता जे सांगतोय ते मनावर घ्या. नाईट व्हिजनमधून खोली नीट कळत नाही. चित्र एकाच रंगाचं, बघायचा घेर साधारण 40 अंशांचा, म्हणजे नळीतून बघितल्यासारखं. आपल्याकडं कठडा नसलेल्या विहिरी किती आहेत ते तुम्हाला माहितीच आहे, वरून गवत आलेलं असलं की काठ आणि जमीन एकसारखीच दिसते. कुंपणाच्या झटका मशीनची बारीक तार दिसत नाही. घोणस पाचोळ्यात पडलेली असली तर तिचा रंगच उरत नाही, आणि थर्मलमध्ये, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून दाखवणाऱ्या मशीनमध्ये सुद्धा साप जमिनीएवढाच गार असला तर वेगळा उठून येत नाही. त्यामुळं चालताना मशीन वर करा आणि पायात गमबूट घालून बॅटरीच्या उजेडात चाला. मशीन बघण्यासाठी आहे, चालण्यासाठी नाही. विहिरी कुठं आहेत ते दिवसा एकदा फिरून बघून ठेवा, वाट्यानं केलेलं किंवा दुसऱ्याचं रान असेल तर जास्तच.

जंगलात रात्री परवानगीशिवाय जायचं नाही, गौताळा अभयारण्य असो की येडशी-रामलिंग. वनविभाग बुद्ध पौर्णिमेला मचाणावरून पाणवठ्यावरच्या प्राण्यांची गणना करतो, त्यात रितसर नाव द्या. आणि हे सामान शिकारीसाठी वापरायचा विचार पण आणू नका, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते बसत नाही. पिकात आलेला रोही बघून आवाज करून हाकलायचा, बस.

बजेट कमी असेल तर खरं सांगतो, नुसत्या जागलीसाठी चांगलं हेल्मेट आणि लाल उजेडाची सोय असलेला हेडलाईट पुरतो. हेडलाईटचा इलॅस्टिक पट्टा हेल्मेटच्या क्लिपमध्ये अडकवा, नुसता वरून ओढला तर वाकल्यावर सटकतो.

घरी आल्यावर पॅड काढून सावलीत वाळवा, उन्हात टाकले की फोम कडक होतो. मशीनमधली बॅटरी काढून ठेवा. लेन्सवर दिवसाचा उजेड पडू देऊ नका, झाकण लावूनच ठेवा, ट्यूबवालं, म्हणजे डिजिटल नसलेलं, असेल तर झाकणाशिवाय दिवसा चालू करायचंच नाही. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. आणि हेल्मेट एकदा जोरात आपटलं असेल, वरून चीर दिसो की न दिसो, ते बाजूला काढा आणि नवीन घ्या.