वावरात पाखरं टिकवायची असतील तर: धुऱ्यापासून बांधीपर्यंत

पाखरांसाठी काही करायचं म्हटलं की बहुतेक जण रोपं आणतात किंवा लाकडी घरटी टांगतात. विदर्भातल्या वावरात काम उलट्या टोकापासून सुरू करावं. आधी जे आहे ते मोडणं थांबवा. वाळका मोह, धुऱ्यावरचं (दोन वावरांमधल्या बांधावरचं) गवत, नाल्याची कच्ची दरड या ठिकाणी पाखरं राहतच असतात.

आधी पाहणी

चैत्र-वैशाखात सकाळी लवकर वावराला चक्कर मारा आणि कागदावर कच्चा नकाशा काढा. ढोलीची झाडं, बोराट्या, पाण्याच्या जागा टिपून ठेवा. दरडीत गोल बिळं आणि खाली ताजी माती दिसली तर तिथे बहुधा वेडा राघू आहे. ती दरड या दिवसांत मुरमासाठी खोदू नका. जुन्या झाडांच्या ढोलीत नीलपंख आणि पिंगळा राहतात. अशा प्रत्येक झाडाला गेरूचा पट्टा मारा, म्हणजे सरपणासाठी येणारा माणूस ते सोडेल. वाळलेलं झाड घरावर, रस्त्यावर किंवा विजेच्या तारेवर पडेल अशी भीती नसेल तर उभंच राहू द्या. सागासारख्या अनुसूचित झाडांना तर 1964 च्या वृक्षतोड अधिनियमामुळे परवानगीशिवाय हात लावता येत नाही.

धुरा: सगळ्यात मोठं काम इथेच

तितर आणि लाव्हा गवताच्या बुडाशी, जमिनीवरच घरटं करतात. उन्हाळ्यात धुरा पेटवला की अंडी, पिल्लं आणि त्यांना लागणारे किडे एकदमच जातात. म्हणून धुरा जाळू नका. गवत दिवाळीनंतर कापा आणि तेही एका वर्षी एक तृतीयांशच. कापताना वीतभर बुडखा ठेवा. शेजारून आग येण्याची धास्ती असेल तर मार्चच्या आत दोन मीटर रुंदीची पट्टी खरवडून जाळरेषा काढा आणि धुरेकऱ्यालाही (शेजारच्या वावरवाल्यालाही) सोबत घ्या.

पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, मात्र वावरात किंवा धुऱ्यावर साठवू नका. त्यातल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्त राहते. श्रेडरने बारीक करून कंपोस्टच्या खड्ड्यात घाला.

नांगर दर वर्षी धुऱ्याचा थोडा थोडा भाग खातो. किमान दीड मीटर रुंदी राहील अशा खुणा गाडा.

झुडपं ठेवली की डुकरं येतात, ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे. पण डुकरांना दाट, सलग रायमुनिया (घाणेरी) आवडतो. तो काढा. नुसता वरून छाटला तर पावसात दुप्पट फुटतो, म्हणून फुलं-फळं धरण्याआधी जमिनीखाली तीन-चार बोटांवर मूळ तोडून झुडूप उलटं करा. बोर आणि करवंद सलग न लावता मध्ये पाच-सहा मीटर मोकळं सोडा. आडोसा पाखरापुरता राहतो.

मोठी झाडं कुठे लावता यावर धुरेकऱ्याशी संबंध टिकतात किंवा तुटतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला असतो, त्यामुळे उत्तर धुऱ्यावरच्या झाडाची सावली थेट शेजाऱ्याच्या हरभऱ्यावर पडते. उंबर, वड, कडुलिंब नाल्याकाठी किंवा विहिरीजवळ लावा. धुऱ्यासाठी बोर, पळस, बाभूळ पुरे.

पक्षीथांबे

एकरी 20, म्हणजे हेक्टरी 50. इंग्रजी टी आकाराची काठी पिकाच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट वर राहील अशी रोवा, पीक वाढेल तशी उंच करा. कोतवाल आणि साळुंकी त्यावर बसून हरभऱ्यातली घाटेअळी आणि सोयाबीनवरच्या पाने खाणाऱ्या अळ्या टिपतात. हरभरा पेरतानाच मूठभर ज्वारी मिसळली तर तिची ताटं हेच काम करतात. गुलाबी बोंडअळीवर या थांब्यांचा उपयोग नाही, कारण अळी बोंडाच्या आत असते. धान आणि ज्वारीत दाणा भरू लागला की थांबे उपटा, नाहीतर दाणे खाणाऱ्या पाखरांची सोय होते.

थांबे लावून वेळापत्रकाने फवारणी चालू ठेवणं म्हणजे मेहनत वाया घालवणं. हरभऱ्यात ओळीच्या एका मीटरमध्ये सरासरी एक-दोन अळ्या दिसल्याशिवाय फवारू नका. विष लावलेलं बियाणं मातीवर उघडं सांडू देऊ नका, सांडलंच तर लगेच गोळा करा. डुकरांसाठी विषारी आमिष ठेवू नका, त्याने मोर आणि तितर मरतात. फोरेट या कीटकनाशकावर 2020 च्या अखेरीपासून बंदी आहे, कुणाकडे जुना साठा असला तरी वापरायचा नाही.

पाणी

प्लॅस्टिक अस्तराचं शेततळं पाखरांना धोक्याचं. उतार गुळगुळीत असल्याने पाण्यात पडलेलं पाखरू वर येऊ शकत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेला सुती किंवा काथ्याचा जाड दोर काठावरून पाण्यात सोडा, एक-दोन लाकडी ओंडके तरंगत बांधा. पिण्यासाठी वेगळी उथळ कुंडी ठेवा: दोन इंच पाणी, मध्ये दगड, झुडपापासून दोन-तीन मीटर दूर, कारण मांजर झुडपातच दबा धरतं. पाणी दर दोन दिवसांनी बदला.

पेरणीत आणि धानाच्या बांधीत

टिटवी मोकळ्या ढेकळांत साधारण चार अंडी घालते. ट्रॅक्टरआधी वावर पाहून घ्या. अंडी दिसली तर दोन-तीन मीटर अंतरावर दोन काठ्या रोवून मधला तुकडा सोडा. अगदी जवळ झेंडा लावला तर कावळ्यालाच खूण मिळते.

गोंदिया-भंडाऱ्याकडे पावसाळ्यात सारस बांधीतल्या (धानाच्या खाचरातल्या) पाण्यात गवताचा ढीग रचून अंडी घालतो, बहुधा दोन. उबवायला साधारण महिना लागतो. तोवर घरट्याभोवती चार-पाच मीटर निंदण करू नका. बांधीचं पाणी एकदम फोडू नका आणि एकदम चढवूही नका, कारण पाणी वाढलं की अंडी बुडतात आणि आटलं की कुत्री थेट घरट्यापर्यंत पोचतात. रोवणी-निंदणीच्या बायांना जागा दाखवून ठेवा, फोटोसाठी कुणालाही नेऊ नका आणि वनरक्षकाला त्याच दिवशी कळवा.