खेळण्याचा खोका फेकायच्या आधी त्याचा फोटो काढा

लोकलच्या लेडीज डब्यात घेतलेलं एक लाइटवालं खेळणं आमच्याकडे होतं. एकदा ते पडलं, खालचं झाकण निघालं, आतला बटण सेल घरंगळत गेला आणि माझा दीड वर्षाचा मुलगा मी पोचेपर्यंत तो तोंडाजवळ नेत होता. सेल काढून घेतला, काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. तक्रार करायची तर कोणाची करणार, त्या खेळण्यावर ना कंपनीचं नाव ना पत्ता. तेव्हापासून घरात येणारी मुलाची प्रत्येक वस्तू मी तपासते, कशी ते सांगते.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. गाडीत दोष निघाला तर शोरूममधून फोन येतो कारण तुमचा नंबर त्यांच्याकडे असतो. ऑनलाइन घेतलेल्या वस्तूचंही तसंच, 2022 साली एका मोठ्या शॉपिंग साइटला आयएसआय नसलेल्या 2,265 कुकरच्या ग्राहकांना कळवा आणि पैसे परत द्या असा आदेश झाला होता, कारण कोणी घेतले त्याची यादी होती. पण मुंबईच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून नाहीतर दादर स्टेशनबाहेरून रोखीने घेतलेलं खेळणं कोणाच्या घरी गेलं हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, म्हणजे माल परत मागवला तरी तुम्हाला कोणी कळवणार नाही. आपणच बघायचं, आणि त्यासाठी हातात बॅच नंबर हवा. म्हणून खोका फेकायच्या आधी फोटो काढा. कंपनी किंवा इम्पोर्टरचं नाव, पत्ता, महिना-वर्ष, बॅच किंवा मॉडेल नंबर आणि बिल, सगळं. मी मोबाइलमध्ये एक वेगळा अल्बमच केलाय.

आता विकत घेताना. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. साध्या खेळण्यावर आयएस 9873, सेलवर किंवा विजेवर चालणाऱ्यावर आयएस 15644, आणि मार्कखाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर. नुसता मार्क बघून समाधान मानू नका, तो कोणीही छापू शकतो. बीआयएस केअर नावाचं सरकारी अ‍ॅप आहे त्यात तो नंबर टाका, कंपनीचं नाव येतं आणि लायसन्स चालू आहे की संपलं ते पण कळतं. दुकानात उभं राहूनच करा, दोन मिनिटं लागतात. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

सेलवाल्या खेळण्याचं झाकण स्क्रूने बंद होत असेल तरच घ्या, नखाने उघडणारं नको. बटण सेल गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजायला लागते, म्हणून संशय जरी आला तरी उलटी करवत बसू नका, वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा आणि एक्स-रे काढायला सांगा. तीन वर्षांखालच्या मुलासाठी अजून एक, टॉयलेट पेपरच्या रोलच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती त्याच्या हातात द्यायची नाही. छोटी लोहचुंबकं आणि पाण्यात फुगणारे रंगीत मणी तर घरातच आणू नका.

औषधाची बाटली पण तशीच. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात कोल्ड्रिफ नावाचं खोकल्याचं सिरप घेतलेली मुलं किडनी निकामी होऊन गेली, सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं, तेव्हा आपल्याकडच्या एफडीएनेही (राज्याचं अन्न व औषध प्रशासन) एसआर-13 ही बॅच वापरू नका म्हणून कळवलं. ज्यांच्या बाटलीचं लेबल सिरप सांडून पुसलं गेलं असेल त्यांनी काय बघायचं? म्हणून बाटली उघडायच्या आधी फोटो. आणि मागच्या तापातलं उरलेलं सिरप ठेवून देऊ नका.

अमेरिकेतून कोणी वापरलेला पाळणा, कार सीट पाठवली तर नाव आणि मॉडेल नंबर सीपीएससी या तिथल्या वस्तूंची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवर शोधा, कार सीटसाठी एनएचटीएसए या रस्ते सुरक्षा संस्थेची साइट आहे. फिशर-प्राइसचा रॉक एन प्ले नावाचा झोपाळा 2019 मध्ये बाळांच्या मृत्यूंनंतर परत मागवला, साधारण 47 लाख होते, ते सगळे काही परत गेले नसतील. प्रेमाने पाठवलेली वस्तू नाकारायला जड जातं मला माहितीये, तरी बघा.

खराब वस्तू हाती आलीच तर 1915 या सरकारी ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, मराठीत बोलता येतं. आयएसआय खोटा असेल तर त्याच बीआयएस केअरवर तक्रार होते. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, तिथे वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. फोटो, बिल आणि ती वस्तू, तिन्ही लागतील, रागाच्या भरात फेकू नका. सेल काढून दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा, सगळं पिशवीत बांधून माळ्यावर ठेवा आणि कामवाल्या मावशींच्या मुलाला तर ती अजिबात देऊ नका.